दौलताबाद: महाकोट ते कालाकोट हा शहराचा हमरस्ता मुलांना कसा दाखवावा?

शिऊरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संभाजीनगरच्या एका महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाची सहल दिवाळीनंतर दौलताबादला न्यायची ठरते आहे. बी.ए. दुसऱ्या वर्षाची पस्तीस मुलं-मुली आहेत. किल्ला त्यांनी शाळेत असताना पाहिलाय, पण कसा, तर दरवाजातून आत, चांद मिनारसमोर फोटो, भारतमाता मंदिर, मग थेट खंदक, अंधारी, बारादरी आणि खाली. ज्या रस्त्यावरून एवढी माणसं चालतात तो रस्ताच कुणी बघत नाही.

या वेळी वर चढायचंच नाही. महाकोटाच्या, म्हणजे खालच्या शहराच्या तटाच्या, पहिल्या दरवाजापासून कालाकोटाच्या, म्हणजे त्याच्या आतल्या तटाच्या, दरवाजापर्यंतचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना उघडी पडलेली जोती एवढाच विषय ठेवायचाय. हातात अडीच-तीन तास आहेत.

विचारायचं असं की, दरवाजांच्या साखळीत नेमकं काय दाखवावं? जोती बघून दुकान कुठलं, घर कुठलं हे ओळखता येतं का? रस्ता कुठल्या काळातला सांगायचा, यादवांचा, तुघलकाचा की बहामनींचा? आणि मुलांकडून थोडी मोजणी करून घेतली तर कशी घ्यावी, त्यात कुठं चुकतं? ज्यांना या ठिकाणची बारकाईनं माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तटबुरूज

शिऊरकर सर, विषय फार चांगला निवडलात. महाकोट म्हणजे 'किल्ल्याचं अंगण' अशी समजूत पसरली आहे. ती मोडायला हाच रस्ता हवा. महाकोट हे शहर होतं, आणि तुम्ही म्हणता तो त्या शहराचा हमरस्ता.

सुरुवात बसमधूनच करा. दौलताबादला पोचताना वाहनं बाहेरच्या तटातून आत शिरतात. तो अंबरकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा वेढा. खुलताबादकडे जाणारा रस्ता त्याच तटाच्या दिल्ली दरवाजातून जातो आणि दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की तिथं खोळंबा होतो. मुलांना तेवढंच सांगा की हा दरवाजा बैलगाडीच्या आणि हत्तीच्या मापाचा आहे, ट्रकच्या नाही. बाहेरून आत असा क्रम पाठ करून घ्या: अंबरकोट, महाकोट, कालाकोट, मग खंदक आणि डोंगरावरचा बालाकोट.

महाकोटाचे आकडे पुरातत्त्व खात्यानं दिलेले आहेत: तटबंदीच्या चार रांगा, जवळपास ५ किलोमीटर लांबी, ५४ बुरूज, ८ दरवाजे. भिंतीची जाडी ६ ते ९ फूट, उंची १८ ते २७ फूट. हे आकडे दरवाजाबाहेर उभं राहून सांगा, आत गेल्यावर भिंत पाठीमागे राहते आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

आता दरवाजे. एकामागून एक दरवाजे, मध्ये बंदिस्त चौक, आणि प्रत्येक ठिकाणी वळण. पहिल्या दरवाजात एका मुलाला उभं करा आणि तिथून पुढचा दरवाजा दिसतो का विचारा. दिसला नाही म्हणजे वळणानं त्याचं काम केलं. बंद फळी फोडायची तर हत्तीला धाव लागते. चौक एवढाच ठेवायचा की धाव मिळू नये, आणि वळण असं की धाव घेतलीच तरी समोर भिंत यावी. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे बघायला सांगा, पण त्यांची उंचीही बघायला सांगा. हत्ती ढुशी कपाळानं देतो, म्हणून खिळ्यांच्या रांगा त्या उंचीला असतात.

मग नजर खाली आणि बाजूला. अशा दरवाजांना बिजागऱ्या नसतात. फळीच्या कडेला वर-खाली निघालेली चूळ दगडाच्या उखळीत फिरते. खालची उखळी उंबऱ्याच्या टोकाला शोधा, तिचा काठ गोल झिजलेला असतो. अडसराची भोकं दोन्ही बाजूंच्या भिंतींत असतात: एका बाजूचं खोल, दुसऱ्या बाजूचं उथळ. खोल भोकात अख्खं लाकूड सरकवून ठेवायचं आणि रात्री ओढून समोरच्या उथळ भोकात बसवायचं. चौकाच्या कडेच्या देवड्या पहारेकऱ्यांच्या. त्यांचं जोतं चौकापेक्षा उंच असतं आणि तोंड येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे.

चौकात मांडून ठेवलेल्या तोफांपाशी मुलं रेंगाळतील. त्यांना वर तटाकडे बघायला लावा. जंग्या, म्हणजे मारा करायची तटातली अरुंद भोकं, खाली उतरत्या आहेत, कारण भिंतीच्या पायथ्याशी आलेला माणूस दिसायला हवा. बुरुजावरची मोठी, रुंद भोकं आणि तोफेच्या जागा ही नंतरची बदलाबदल. तोफा दख्खनमध्ये रुळल्या तशी जुनी तटबंदी त्यांच्या हिशेबानं दुरुस्त होत गेली. म्हणजे एकाच भिंतीत दोन-तीन काळ असतात, आणि हीच गोष्ट पुढे रस्त्यालाही लागू आहे.

बारवशोध

तटबुरूज यांनी दरवाजे नीट सांगितले. मी आतल्या रस्त्याचं लिहितो.

पहिली सूचना: तुम्ही ज्या पायवाटेवर चालता तिच्या कडा म्हणजे जुन्या रस्त्याच्या कडा नव्हेत. पर्यटकांसाठी केलेली वाट वेगळी. जुनी कड शोधायची तर दोन्ही बाजूंच्या जोत्यांची रस्त्याकडची घडीव दगडांची ओळ बघा. सगळ्यांना गेटकडे पाठ करून, म्हणजे डोंगराकडे तोंड करून उभं करा आणि डाव्या-उजव्या ओळी डोळ्यांनी जोडायला सांगा. जिथे ओळ पुढे येते तिथे ओटा किंवा पायरी असते, जिथे आत जाते तिथे गल्ली किंवा इमारतीचं प्रवेशद्वार.

पहिल्या दरवाजाच्या परिसरात पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं तेव्हा या खालच्या शहराचे रस्ते, गल्ल्या आणि बोळ उघडे पडले. वरचा भाग शिल्लक का नाही हे मुलं हमखास विचारतील. आपल्या मराठवाड्यातलं माळवद आठवा: खाली दगडाचं जोतं, वर विटांच्या नाहीतर मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर मातीचा थर. अशा घरात माणूस राहायचा थांबला, माळवदावर दरवर्षी माती टाकणं बंद झालं, की पाणी तुळयांत उतरतं, तुळई कुजते, छत बसतं आणि भिंती त्यावर कोसळतात. लाकूड वाळवी खाते किंवा लोक काढून नेतात. उरतो मातीचा उंचवटा आणि आत जोतं. मशीद, मिनार, हमाम पूर्ण दगड-चुन्याचे, म्हणून ते उभे राहिले. त्यामुळे आज हा रस्ता फक्त मोठ्या इमारतींचा वाटतो. होता तसा नाही.

दुकान आणि घर ओळखायच्या खुणा:

दुकानांची ओळ असेल तर खोल्या एकाला एक लागून, मधली भिंत सामाईक, तोंड पूर्ण रस्त्याकडे उघडं आणि पुढे सलग ओटा. खोली फार खोल नसते. घर असेल तर रस्त्याकडे भिंत जास्त आणि दार एकच. दारातून सरळ आत बघता येत नाही, आधी देवडी, मग वळण, मग चौक. चौकातून बाहेर पाणी काढणारी मोरी कुठेतरी भिंतीखालून निघालेली असते. ती सापडली की घराबद्दल शंका राहत नाही.

गल्ली ओळखताना लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन जोत्यांमध्ये फट दिसली की 'ही गल्ली' असं म्हणून टाकतात. फटीत उतरून दोन्ही बाजूंचे दगड बघा. जुनी भिंत दोन घडीव अंगांची असते आणि पोटात अनघड दगड, खडी आणि चुना. फटीच्या दोन्ही बाजूंना घडीव अंग असेल तर ती खरी गल्ली. एका बाजूला घडीव आणि दुसऱ्या बाजूला अनघड दगड व चुना उघडा दिसत असेल, तर तिथे भिंत होती, तिचं एक अंग निघून गेलं आहे. दोन्हीकडे पोटच दिसत असेल तर ते भिंतीत नंतर पडलेलं खिंडार. मुलांच्या एका गटाला फक्त हेच काम द्या.

आता पाणी, कारण शहराचा रस्ता पाण्याशिवाय कळत नाही. जमीन दरवाजाकडून डोंगराकडे चढत जाते, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरून दरवाजाकडे येणार. ते तटाच्या आतच अडकलं तर पाया भिजेल, म्हणून तटाच्या पायथ्याशी पाणी बाहेर काढणारी तोंडं शोधायला सांगा.

पिण्याचं आणि वापराचं पाणी वेगळं. आत सरस्वती विहीर, कचेरी विहीर आणि हत्ती हौद. हौदाची बाजू सुमारे ३८.७५ मीटर, खोली ६.६१ मीटर, आणि तो चौरस आहे. हिशेब मुलांनाच करू द्या: ३८.७५ गुणिले ३८.७५ गुणिले ६.६१, म्हणजे जवळपास १०,००० घनमीटर, म्हणजेच १ कोटी लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे एक हजार टँकर झाले. एवढं पाणी दरवाजाच्या आत साठवलेलं असेल तर वेढा पडला तरी शहर लगेच तहानेनं हात टेकणार नाही.

हौदात पाणी डोंगराकडच्या तलावांतून खापरी नळांनी येत असे. असा नळ कुठे भिंतीत किंवा जमिनीत तुटलेला दिसला तर थांबा. नळाचं एक तोंड निमुळतं असतं, ते पुढच्या नळाच्या रुंद तोंडात बसवून सांधा चुन्यानं बंद करतात आणि सगळी रांग दगड-चुन्यात गाडतात. गाडलेली असल्यानं खापर असूनही दाब सोसते. बिघाड होतो तो गाळ साचून, मुळं सांध्यात शिरून, आणि पाण्यातला चुना आतून थर धरून. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर परतीच्या वाटेवर पाणचक्कीला थांबा. मलिक अंबरनं खडकीसाठी (आजच्या संभाजीनगरसाठी) नहर खेळवली तिचं तंत्र याच जातीचं आहे.

कालगणना

'रस्ता कुठल्या काळातला' याला एक साल देऊ नका, एवढीच कळकळीची विनंती. रस्त्याची रेघ, त्यावरची फरसबंदी, कडेची जोती आणि मोठ्या इमारती या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची वयं वेगळी असू शकतात. मुलांना चालता चालता सालं सांगायची तर अशी सांगा:

देवगिरी ही यादवांची राजधानी, पाचवा भिल्लम, ११८७ च्या सुमारास. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी, तेव्हा तो अजून सुलतान झाला नव्हता. १३१८ मध्ये यादवांचा शेवट आणि त्याच साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीची जामा मशीद. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी इथं आणली आणि नाव दौलताबाद केलं. १३४७ मध्ये हसन गंगू इथंच गादीवर बसला आणि बहामनी राज्य सुरू झालं. पुढे निजामशाही, मलिक अंबरच्या काळात १६०७ पासून पुन्हा राजधानी, आणि १६३३ मध्ये मोगल.

या सगळ्यांनी हाच रस्ता वापरला आणि प्रत्येकानं त्यात काहीतरी भर घातली, नाहीतर काढून घेतलं.

रस्त्यावर साल सगळ्यात चांगलं दाखवता येतं ते जामा मशिदीत, म्हणजे आजच्या भारतमाता मंदिरात. १९४८ नंतर इथं भारतमातेची मूर्ती बसली. आत गेल्यावर मूर्तीकडे जाण्याआधी खांब बघा. चौकोनी बैठक, वर अष्टकोन, मग गोल, वर तोडे, म्हणजे भार पेलायला पुढे काढलेले दगड. ही देवळाची घडण आहे, मशिदीसाठी घडवलेली नाही. खांबांची उंची सगळीकडे सारखी करायला कुठे तुकडे जोडले, कुठे बैठक बदलली, ते शोधायला लावा.

पुन्हा वापरलेला दगड ओळखायच्या खुणा तटात आणि जोत्यांतही चालतात: नक्षीची पट्टी उलटी किंवा उभी बसलेली, नक्षी मध्येच तुटून शेजारचा दगड साधा, मूर्तीचा भाग तासलेला, किंवा दगड जोडायची खाच बाहेरच्या अंगावर आलेली. ही खाच लोखंडी पट्टीसाठी असते आणि मूळ बांधकामात ती वरच्या पृष्ठभागावर, झाकलेली असते. बाहेर दिसते आहे म्हणजे दगड फिरवून लावला. उत्खननात जैन मंदिराचे अवशेषही मिळाले आहेत, तेव्हा असा प्रत्येक दगड एकाच देवळाचा धरू नका.

चांद मिनारच्या सालाबद्दल सावध राहा. बऱ्याच ठिकाणी १४३५ लिहिलेलं सापडेल. पण तो दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाह बहामनीच्या नावावर आहे आणि हा सुलतान १४३६ मध्ये गादीवर आला. मिनारच्या फारसी लेखातलं हिजरी साल ८४९, म्हणजे १४४५-४६. हेच धरा. मिनार चार मजल्यांचा. सज्जांना खालून आधार देणारे तोडे निरखून बघा, त्यांची घडण देवळातल्या तोड्यांशी जवळची आहे. खिलजींनी खांब उचलून आणले होते. इथं मात्र सव्वाशे वर्षांनंतर इथल्याच कारागिरांकडून नव्यानं घडवून घेतलं. या दोन इमारती रस्त्याच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत, म्हणून ही तुलना रस्त्यात उभं राहून होते. आत चढायला बंदी आहे, त्यात वेळ घालवू नका.

अजून एक. 'तुघलकानं अख्खी दिल्ली उठवून इथं आणली' हे वाक्य टाळा. आणले गेले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांची घराणी. दिल्लीत टांकसाळ चालूच होती. पण हा लोंढा या रस्त्याच्या दृष्टीनं फार मोठा होता. बुरहानुद्दीन गरीब त्यातच आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलताबादला त्यांचा दर्गा आहे.

कटकवासी

कालगणना साहेब, तुमचं बरंचसं पटलं, पण यादवांना तुम्ही सालापुरतं ठेवलंत. राजधानी इथं होती, देवळं होती, हजारोंनी माणसं होती, बाजारपेठ होती. मग डोंगराकडे जाणारा रस्ता काय तुघलकानं नव्यानं आखला? पायथ्यापासून डोंगराकडे जायला सोपी चढण हीच. मुलांना ठामपणे सांगायला काय हरकत आहे की हा मूळ यादवांचाच राजमार्ग?

शिवाय इब्न बतूतानं शहराचे तीन भाग सांगितलेत: दौलताबाद, कटक आणि वरचा किल्ला देवगिरी. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा तरबाबाद बाजारही त्यानं वर्णन केलाय. तो बाजार याच रस्त्यावर होता असं दाखवता येईल ना? मुलांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील.

कालगणना

कटकवासी दादा, यादवांचं शहर इथं होतं याबद्दल वाद नाहीच. मशिदीचे खांबच त्याचे साक्षीदार आहेत. पण खांब यादवकालीन आणि त्यांची आजची जागा १३१८ ची, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. रस्त्याचंही तसंच. चढण सोपी, म्हणून वाट जुनी असणार, हा तर्क मुलांपुढे तर्क म्हणूनच ठेवा. 'राजमार्ग' म्हणून साल द्यायचं तर फरसबंदीच्या खालचा थर, त्यातली खापरं, नाणी यांचा आधार लागतो. नुसत्या चढणीवरून साल ठरत नाही.

इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला आणि वाटेत इथं आला. बाजाराचं त्याचं वर्णन सुरेख आहे: दुकानं, आत गालिचे, मध्ये मोठा मंडप, गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तिथे गायकांचा प्रमुख येऊन बसायचा आणि कलावंत हजेरी लावायचे. वाचून दाखवा, जरूर दाखवा. पण त्यात 'अमुक दरवाजापासून इतक्या अंतरावर' असं काही नाही. म्हणून एखाद्या जोत्याकडे बोट करून 'हाच तो बाजार' म्हणू नका. पुढच्या वर्षी तीच मुलं दुसऱ्यांना घेऊन येतील, आणि बोट करून सांगितलेली जागा मग कायमची चिकटते. त्यापेक्षा त्या वर्णनातल्या बाजाराला काय काय लागेल ते विचारा: सलग ओटे, मध्ये मोकळी जागा, जवळ पाणी, जवळ मशीद. आणि हे सगळं एकत्र कुठे दिसतं ते शोधू द्या.

फीतमोजणी

मोजणीबद्दल. पस्तीस जण म्हणजे सातजणांचे पाच गट करा. सगळ्या रस्त्याची मोजणी एका सकाळीत होत नाही. प्रत्येक गटाला ३० मीटरचा तुकडा द्या.

सामान गटागणिक: ३० मीटरची कापडी किंवा फायबर फीत, ५ मीटरचा स्टील टेप, दोरी, ओळंबा, खडू नको, ए-३ चा आलेख कागद, पेन्सिल, खोडरबर. १:१०० प्रमाण धरलं की ३० मीटर म्हणजे कागदावर ३० सेंटिमीटर, ए-३ च्या लांबीत बसतं आणि कडेला टिपा लिहायला जागा राहते. एखादं जोतं बारकाईनं काढायचं तर १:२०.

पद्धत सोपी: फीत रस्त्याच्या मधोमध ताणून जमिनीवर ठेवा, ती आधाररेषा. तिच्यापासून दर २ मीटरला, आणि जिथे कोपरा, दार, पायरी, मोरी आहे तिथे, डावीकडे आणि उजवीकडे काटकोनात स्टील टेपनं अंतर घ्या. काटकोन नजरेनं धरू नका. दोरीचा ३-४-५ मीटरचा त्रिकोण करून एकदा बसवा आणि त्यावरून घ्या. आडवं अंतर ५ मीटरच्या पुढे गेलं की काटकोनातली थोडी चूकही कोपऱ्याची जागा हलवते, तिथे हा त्रिकोण पुन्हा लावा.

चुका कुठं होतात ते सांगतो. पहिली, तुटक मापं: ० ते ३, मग पुन्हा ० ते ४. प्रत्येक वेळची चूक पुढच्यात मिळते. फीत हलवायची नाही, सगळी मापं एकाच शून्यापासून वाचायची. दुसरी, उतारावर फीत जमिनीला टेकवून घेतलेलं माप नकाशात जास्त येतं. चढ असेल तिथे फीत आडवी धरा, टोकाला ओळंबा सोडा. तिसरी, खोली चौरस धरून दोनच बाजू मोजणं. जुन्या खोल्या काटकोनात नसतात. चारही बाजू आणि एक कर्ण घ्या, दुसरा कर्ण पडताळ्यासाठी.

होकायंत्र वापरायचं असेल तर हे लक्षात असू द्या: इथला काळा दगड, बेसाल्ट, स्वतःच थोडा चुंबकीय असतो, आणि दरवाजाच्या चौकात तोफांचं लोखंड आहे. भिंतीला टेकून सुई वाचली की दिशा काही अंशांनी सरकते, आणि मोबाइलमधलं होकायंत्रही त्याला अपवाद नाही. भिंतीपासून दूर, रस्त्याच्या मध्ये वाचा आणि आधाररेषेच्या दोन्ही टोकांना वाचा. दोन वाचनं जुळली तरच लिहा. नाही जुळली तर चांद मिनार आणि मशिदीचा एक कोपरा हे दोन ठळक बिंदू घेऊन उपग्रह नकाशावरून दिशा बसवा.

रस्त्याचा चढ मोजायला गवंड्याची पाण्याची नळी आणा, १० मीटर पारदर्शक. यातून बारवशोध यांनी सांगितलेला पाण्याचा प्रवाह आकड्यात येतो. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून आधी पूर्ण भरून बुडबुडे काढा. आणि वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत. एकानं अंगठा ठेवला की पाणी खोटी पातळी दाखवतं.

परवानगी: साध्या मोबाइल-कॅमेऱ्याला अडचण नाही, पण तिपाईला आधी परवानगी लागते आणि ड्रोन आणूच नका. मोजणीसाठी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र करून किल्ल्यावरच्या पुरातत्त्व कार्यालयात आधी देऊन ठेवा. दगडावर खुणा, खडू, लेखाचे ठसे काही करायचं नाही. जोत्यावर उभं राहून मापं घ्यायची नाहीत. कडेचा दगड सुटा असतो, तो निसटला की माणूसही पडतो आणि पुरावाही जातो.

शिऊरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गल्लीची खूण आणि पाण्याच्या नळीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं.

दोन शंका उरल्या. जोत्यांवर ठिकठिकाणी नवी दुरुस्ती आहे. मुलांनी जुनं-नवं कसं ओळखावं, म्हणजे मोजणीत तशी नोंद करता येईल? आणि वेळ कशी वाटावी?

चुनाघाणी

जुनं-नवं दगडावरून ओळखायला जाऊ नका, सांध्यावरून ओळखा. जुना चुना पांढुरका ते फिकट गुलाबी असतो. गुलाबी झाक सुरखीची, म्हणजे कुटलेल्या विटेची. त्यात पांढरे बारीक खडे दिसतात, ते न विरघळलेल्या चुन्याचे गोळे. सांधा दगडाच्या कडेपासून थोडा आत गेलेला आणि पृष्ठभाग खरखरीत असतो. सिमेंट असेल तर रंग राखाडी, सांधा गुळगुळीत, बऱ्याचदा दगडावर पसरलेला.

तिसरा प्रकार म्हणजे चुन्यातली नवी दुरुस्ती, आणि यात गफलत होते. चुना भिजवून मुरवायचा, १ भाग चुना, १ भाग सुरखी, १ भाग वाळू अशा बेतानं चुना दळायच्या दगडी घाणीत किंवा मिक्सरमध्ये मळायचा, ही जुनीच रीत आजही दुरुस्तीत वापरतात. कुणी त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गरही घालतात. अशा दुरुस्तीचा चुना जुन्यासारखाच दिसतो. पण सांध्याची जाडी सगळीकडे एकसारखी आणि कडा ताज्या असतात, चुन्यावर शेवाळाची काळी पुटं अजून धरलेली नसतात. नखानं किंवा किल्लीनं खरवडून बघायचं नाही, नुसतं बघून ठरवायचं.

सिमेंट इथं का चालत नाही हे मुलांना जरूर सांगा. जाड भिंतीच्या पोटात चुना आणि खडी असते. पावसाचं पाणी वरून आत शिरतंच. चुन्याचा सांधा ते पाणी हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटनं सांधे बुजवले की पाणी आत कोंडतं, पोटातला चुना मऊ होतो, धुपतो, आणि काही वर्षांत भिंत पोट काढते. बाहेरून सांधे ठणठणीत दिसतात आणि दगडांची फळी फुगलेली असते. भिंतीच्या अंगाला डोळा लावून लांबीच्या दिशेनं बघितलं की हा फुगवटा लगेच कळतो. दुसरं कारण पिंपळ आणि उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ जाड झालं की घडीव दगड सरकतो. वरवर छाटलं तर ते आणखी जोमानं फुटतं. मूळ मारल्याशिवाय उपयोग नसतो आणि ते काम खात्यानंच करायचं.

नकाशात तीन खुणा ठरवा: जुना चुना म्हणजे भरीव रेघ, चुन्यातली नवी दुरुस्ती म्हणजे तुटक रेघ, सिमेंट म्हणजे ठिपक्यांची रेघ. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, अंदाजानं भरीव रेघ मारू नका.

वेळेचं असं करा. तिकीटखिडकी उघडताच आत जा. डोंगर पश्चिमेला, दरवाजा पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि दगडावरची छिन्नीची खूण, उलटी नक्षी, सांधे सगळं तिरप्या उजेडात उठून दिसतं. दुपारी तेच डोळ्यांवर येतं आणि खांबांचे फोटोही काळे येतात. दरवाजांना पाऊण तास, मशिदीला अर्धा तास, मिनार आणि हौद मिळून वीस मिनिटं. उरलेला सगळा वेळ जोत्यांना आणि मोजणीला. मोजणी आधी आणि इमारती नंतर असं केलंत तर जास्त बरं, कारण नऊ-दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि रस्त्यात ताणलेली फीत कुणाच्या ना कुणाच्या पायात अडकते.

डबे बसमध्येच ठेवा. वानरं पिशव्या ओढतात आणि त्या झटापटीत कागद फाटतात. हौदाच्या काठाला कठडा आहे असं धरून मुलांना मोकळं सोडू नका, एक जण तिथे उभा करा. आणि प्रत्येक गटाच्या कागदावर उत्तर दिशा, प्रमाण, तारीख, वेळ आणि आधाररेषेची दोन टोकं कुठल्या ठळक खुणेपासून किती मीटरवर आहेत ते तिथंच लिहून घ्या. बसमध्ये बसल्यावर ते कुणालाच आठवत नाही, आणि त्या दोन मापांशिवाय पाच तुकडे एकमेकांना जोडता येणार नाहीत.